चर्चबाहेरील विवाह व परतीचा मार्ग

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींस नवल वाटेल. घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या पोलादपुरासारख्या गावी मुलांस बाराखडी व पाढे शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, जो स्वतः ख्रिस्ती नाही आणि ज्याची विद्या मॅट्रिकच्या पलीकडे फारशी गेली नाही, त्याने रोमन कॅथलिक पंथाच्या विवाहशास्त्रावर बोलावे, हा एक प्रकारचा अधिकारातिक्रमच होय. तो मला मान्य आहे. परंतु हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. तो माझ्या ओसरीवर चालत आला, व एकदा आल्यावर त्याचा पुरता छडा लावल्यावाचून मला राहवले नाही. त्या खटपटीत जे हाती लागले ते आज आपणांपुढे ठेवीत आहे. मिश्रविवाह आता शहरांतील सुशिक्षित घरांत अपूर्वाईचे राहिलेले नाहीत, तेव्हा ही माहिती कोणा ना कोणाच्या उपयोगी पडेल असे वाटते.

माझे एक सहकारी शिक्षक आहेत. माळकरी, आषाढीस न चुकता पंढरपूर गाठणारे. त्यांची पत्नी वसईकडील कॅथलिक घराण्यातील. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून तिची नेमणूक आमच्या गावी झाली, आणि १९८७ साली उभयतांनी सरकारी विवाह अधिकाऱ्यापुढे सह्या करून लग्न केले. माहेरचे कोणी आले नाही. गावाने मात्र बाईंस आपलेसे केले. आम्ही शिक्षक मंडळी त्यांस वहिनी म्हणत आलो. लग्नानंतर काही दिवसांनी माहेरच्या गोतावळ्यातील कोणीतरी त्यांस निरोप धाडला, की तू चर्चबाहेर लग्न केलेस, तू बहिष्कृत झालीस, आता तुला चर्चची पायरी नाही. वहिनींनी तो निरोप खरा मानला. त्यावर ३८ वर्षे गेली. दोन मुले झाली, वाढली, पोटापाण्यास लागली. रविवारी सकाळी वहिनी घरातच एका कोपऱ्यात बसून जपमाळ ओढीत, आणि त्यांचे यजमान तेवढा वेळ बाहेर अंगणात कोणास बोलू देत नसत.

गेल्या वर्षी वहिनींच्या आई वारल्या. अंत्यविधीस मीही वसईस गेलो होतो. मिस्सा मराठीतच झाली. ख्रिस्तप्रसाद घेण्याची वेळ आली तेव्हा सारे आप्त रांगेने वेदीपाशी गेले, आणि त्या लांबलचक बाकावर ही बाई एकटी बसून राहिली. ख्रिस्तप्रसाद म्हणजे ज्यास ते लोक कोमुन्यांव म्हणतात तो. पवित्र केलेली भाकर ही प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर होय अशी त्यांची श्रद्धा आहे, व कॅथलिकाच्या धर्मजीवनात याहून मोठी गोष्ट नाही. परत येताना मोटारीत कोणी काही बोलले नाही. चार दिवसांनी वहिनी माझ्या ओसरीवर आल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही इतकं वाचता. मला परत जायचं असेल तर यांना सोडावं लागेल का?” यजमान पाठोपाठ आले होते. ते उंबऱ्यापाशीच उभे राहिले व म्हणाले, “आणि मला बाटवणार असतील तर तेही आत्ताच विचारून घ्या.”

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी मला बरेच मागे जावे लागले. मागे म्हणजे किती, तर सोळाव्या शतकापर्यंत.

कॅथलिक शास्त्राप्रमाणे विवाह लावतो कोण? आपणांस वाटेल, पाद्री. तसे नाही. वधू व वर परस्परांस जी संमती देतात तीच विवाह घडविते. पाद्री हा चर्चच्या वतीने ती संमती विचारणारा व ऐकणारा अधिकृत साक्षीदार असतो. हे तत्त्व फार जुने असून आजही त्यांच्या धर्मसंहितेच्या मुळाशी तेच आहे. मध्ययुगात तर या तत्त्वाची मजल अशी होती, की एखाद्या तरुणाने व तरुणीने चार भिंतींच्या आड एकमेकांस ‘आजपासून आपण पतिपत्नी’ असे म्हटले, तरी तो विवाह चर्च खरा मानी. गुप्त विवाह निंद्य होता, पापही होता, पण खोटा नव्हता. याचा परिणाम काय होई हे सांगावयास नको. पुरुष आज एकीस वचन देई, उद्या ते नाकारून दुसरीशी वाजतगाजत लग्न करी, आणि पहिलीपाशी पुरावा म्हणून अश्रूंवाचून दुसरे काही नसे.

हा अनर्थ थांबविण्यासाठी ट्रेंट येथील धर्मपरिषदेने नोव्हेंबर १५६३ मध्ये एक ठराव केला. विवाह यापुढे धर्मग्रामाच्या पाद्रीपुढे, किंवा त्याने नेमलेल्या धर्मगुरूपुढे, आणि दोन किंवा तीन साक्षीदारांच्या देखत झाला पाहिजे. नाही तर तो विवाहच नव्हे. ज्या नियमाने वहिनींस ३८ वर्षे बाकावर बसविले त्याचा उगम हा असा आहे. फसविल्या गेलेल्या स्त्रियांच्या रक्षणासाठी तो जन्मास आला. मूळ हेतू व पुढील परिणाम यांत असे अंतर पडलेले आपल्याही धर्मशास्त्रात पदोपदी दिसते.

हा ठराव जेथे जेथे जाहीर होईल तेथेच लागू व्हावयाचा होता, म्हणून कित्येक देशांत तो शतकानुशतके लागूच झाला नाही. अखेर ऑगस्ट १९०७ मध्ये रोमहून नवा हुकूम निघाला व १९०८ च्या ईस्टरपासून हा नियम जवळजवळ साऱ्या जगातील कॅथलिकांस बांधू लागला. १९१७ च्या धर्मसंहितेने तो कायम केला व त्यास शिक्षेची जोडही दिली. दुसऱ्या पंथाच्या धर्मोपदेशकापुढे लग्न करणाऱ्या, किंवा मुलांस चर्चबाहेर वाढविण्याचा करार करून लग्न करणाऱ्या कॅथलिकास बहिष्काराची शिक्षा त्या संहितेत सांगितलेली आहे. वहिनींस आलेल्या निरोपाचे मूळ बहुधा या कलमांच्या अर्धवट स्मृतीत असावे.

परंतु श्रोतेहो, आता एक तारीख ध्यानात घ्या. ३१ मार्च १९७० रोजी पोप सहावे पॉल यांनी मिश्रविवाहासंबंधी आज्ञापत्र काढले, आणि त्यात त्या कलमाखालील सर्व शिक्षा रद्द केल्या. एवढेच नव्हे, तर ज्यांस त्या आधी लागू झाल्या असतील त्यांच्यावरील परिणामही संपले असे स्पष्ट सांगितले. १९८३ साली नवी धर्मसंहिता आली, तिच्यातही चर्चबाहेर विवाह केल्याबद्दल बहिष्काराची शिक्षा नाही. म्हणजे १९८७ साली वहिनींस जो निरोप मिळाला तो त्या दिवशीच १७ वर्षे शिळा होता. एका ऐकीव वाक्यावर एवढी वर्षे गेली. मी हे त्यांस सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडून ते साल दोनदा म्हणवून घेतले.

मग त्या ख्रिस्तप्रसाद का घेऊ शकत नव्हत्या? येथे बारीक भेद आहे व तो नीट समजून घेतला पाहिजे. बहिष्कृत असणे निराळे आणि प्रसाद घेण्यास आडकाठी असणे निराळे. चर्चच्या दृष्टीने त्यांचा विवाह दोन कारणांनी पुरा झालेला नव्हता. एक, तो विहित पद्धतीने झाला नाही. दुसरे, बाप्तिस्मा झालेली व्यक्ती आणि न झालेली व्यक्ती यांच्या विवाहास बिशपांची आगाऊ सूट लागते, ती घेतलेली नव्हती. विवाह पुरा नाही आणि संसार तर चालू आहे, अशा स्थितीत प्रसाद घेऊ नये असा त्यांचा नियम. पण चर्चमध्ये येण्यास, मिस्सा ऐकण्यास, प्रार्थना करण्यास कधीच कोणाची ना नव्हती. बाप्तिस्म्याची गोष्ट तर अशी, की तो एकदा झाला म्हणजे जन्मभर पुसला जात नाही व पुन्हा देताही येत नाही. तेव्हा ‘परत ख्रिस्ती होणे’ हा शब्दप्रयोगच येथे लागू पडत नाही. वहिनी कॅथलिक होत्याच. अडचण विवाहाची होती.

धर्म सोडला असता तर गोष्ट निराळी झाली असती. आमच्या भागातील माणसास हा भेद समजाविण्यास रायगडाहून सोयीचे स्थळ नाही. महाडहून तो हाकेच्या अंतरावर, आणि आमच्या पोलादपुरात तर शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधीच आहे, तेव्हा शिवकालाची उदाहरणे आमच्या जिभेवर आपोआप येतात. सरनौबत नेताजी पालकर यांस औरंगजेबाने मुसलमान करून दूर पाठविले. ते परतल्यावर १६७६ साली महाराजांनी त्यांस शुद्ध करून स्वधर्मात घेतले. ते धर्मांतरितास परत घेणे होते. कॅथलिक पंथातही ज्याने उघडपणे श्रद्धा टाकली असेल त्यास बहिष्काराचा नियम अद्याप आहे, आणि तो उठविण्यासाठी अधिकारी धर्मगुरूपुढे पश्चात्ताप व क्षमा यांची गरज असते. तथापि त्यासही पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. नुसते सरकारी कचेरीत लग्न केल्याने मात्र कोणी धर्मत्यागी ठरत नाही.

आता एक खुबीदार गोष्ट सांगतो. असा एक काळ होता की सरकारी लग्न म्हणजे जवळजवळ धर्मत्यागच होता, आणि तो चर्चच्या नव्हे तर सरकारच्या नियमामुळे. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करावयाचे तर वधूवरांस लेखी सांगावे लागे, की आम्ही ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म मानीत नाही. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्यापुरती ही अट सुटली. ख्रिस्ती व्यक्तीस ती राहिलीच. म्हणजे एखाद्या कॅथलिक मुलीस हिंदू मुलाशी सरकारी लग्न करावयाचे तर आपण ख्रिस्ती नाही असे सहीनिशी लिहून द्यावे लागे. १९५४ चा नवा कायदा १ जानेवारी १९५५ पासून अमलात आला आणि ही नामुष्की संपली. ३० दिवसांची नोटीस द्यावयाची, हरकत नसेल तर साक्षीदारांपुढे सह्या करावयाच्या, धर्म कोणी विचारीत नाही. आमचे हे जोडपे याच कायद्याने विवाहबद्ध झाले.

याउलट जी जोडपी आळंदीस किंवा एखाद्या देवळात हार घालून, मंगळसूत्र बांधून मोकळी होतात, त्यांनी सावध असावे. दोघांपैकी एक ख्रिस्ती असेल तर असा विवाह सरकारी कायद्यातही टिकत नाही. १८७२ च्याच भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याचे चौथे कलम त्यास निरर्थक ठरविते. हिंदू विवाह कायदा तर दोन हिंदूंपुरताच आहे. आंध्रातील एका रोमन कॅथलिक पुरुषाने हिंदू मुलीशी देवळात केलेले व हिंदू विवाह कायद्याखाली नोंदविलेले लग्न सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली याच कारणाने रद्दबातल मानले. अशा जोडप्याने चर्चचा विचार पुढे करावा. आधी सरकार दरबारी आपला विवाह पक्का करून घ्यावा.

असो. विषय वहिनींचा होता. ज्या विवाहात दोघेही मोकळे आहेत, म्हणजे कोणाचाही पूर्वीचा जोडीदार हयात नाही, तेथे परतीचा मार्ग पुष्कळ सरळ आहे. साधा मार्ग असा, की बिशपांकडून भिन्नधर्मीयाशी विवाहाची सूट घ्यावयाची, आणि धर्मगुरू व दोन साक्षीदार यांच्यापुढे पतिपत्नींनी पुन्हा एकदा परस्परांस संमती द्यावयाची. समारंभ नको, वाजंत्री नको. पाव तासाचा विधी. पण आमच्या गुरुजींच्या मनास हेच बोचले. ते मला म्हणाले, “आता या वयात पुन्हा लग्न लावायचं, म्हणजे इतकी वर्षं आम्ही कोण होतो? मुलं कोणाची?”

मी त्यांस पुन्हा रायगडावर नेले. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, त्याच्या आठवडाभर आधी गागाभट्टांनी महाराजांची मौंज लाविली आणि त्यानंतर सोयराबाईंशी महाराजांचा विवाह समंत्रक, म्हणजे वेदमंत्रांसह, पुन्हा लाविला. सोयराबाई तोपर्यंत अनेक वर्षे महाराजांच्या पत्नी होत्या. राजाराममहाराज १६७० साली जन्मले होते. त्या पुनर्विवाहाने पूर्वीचा संसार खोटा ठरला असे त्या दिवशी गडावर कोणाच्या मनात आले असेल काय? शास्त्राची एक उणीव होती, ती भरून काढली, इतकेच. कॅथलिक शास्त्रही मुलांच्या बाबतीत असेच उदार आहे. पुढे झालेल्या वैध विवाहाने आधी झालेली अपत्ये औरस ठरतात असे त्यांची संहिता सांगते.

गुरुजींस उदाहरण पटले, पण मन वळेना. “महाराजांना राज्य घ्यायचं होतं, मला काय घ्यायचंय?” असे म्हणून ते उठून गेले. माळकरी माणूस हट्टी असतो, आणि खरे सांगावयाचे तर मला त्यांचा हट्ट रास्तही वाटला. ज्या सहीवर आपण एक स्त्री घर सोडून आल्याची जबाबदारी घेतली, ती सही पुरेशी नव्हती असे जाहीर करण्यास कोणताही मानी पुरुष कां कूं करील.

येथे मला त्या शास्त्रातील सर्वांत सुंदर तरतूद सापडली. तिचे लॅटिन नाव सानासिओ इन राडिचे, अर्थ ‘मुळाशी आरोग्य देणे’. झाडाचा शेंडा न छाटता मुळास औषध घालावे तसे. विवाहाच्या दिवशी दोघांनी जी संमती दिली ती खरी होती व आजही जिवंत आहे, एवढे दिसून आले म्हणजे बिशप उणिवेबद्दल सूट देतात, आणि विवाह वैध होतो. पुन्हा संमती द्यावयाची नाही. नवऱ्याने चर्चमध्ये जाण्याचेही कारण नाही. आणि मौज अशी, की विवाह आजपासून वैध झाला तरी त्याचे धर्मशास्त्रीय परिणाम मागे, थेट पहिल्या दिवसापर्यंत पोहोचतात. जोडीदार नकळत राहिला तरी गंभीर कारण असेल तर हे होऊ शकते, इतकी त्यात लवचिकता आहे. अट मात्र पक्की: दोघांची संमती टिकून असली पाहिजे आणि पुढेही एकत्र नांदण्याचा त्यांचा मनोदय असला पाहिजे. संसार मोडकळीस आलेल्यांसाठी हा उपाय नव्हे.

पाहा, ट्रेंटच्या आधीचे ते जुने तत्त्व, की संमतीच विवाह घडविते, येथे पुन्हा कसे वर आले! सरकारी कचेरीतील त्या दोन सह्यांमागची संमती चर्चनेही खरी धरली. उणीव होती ती पद्धतीची. मी हे गुरुजींस सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे सत्त्याऐंशी सालची माझी सही चालते?” मी म्हटले, तीच चालते.

त्यांच्या दुसऱ्या धास्तीबद्दल, म्हणजे बाटविण्याबद्दल. नवऱ्याने धर्म बदलावा अशी अट कोठेही नाही. वचन द्यावयाचे ते कॅथलिक पत्नीने: आपली श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांस बाप्तिस्मा देऊन कॅथलिक म्हणून वाढविण्यासाठी आपल्या परीने शक्य ते सर्व करीन. नवऱ्यास या वचनाची माहिती द्यावयाची. १९१७ च्या संहितेप्रमाणे दोघांकडूनही हमी घेतली जाई. १९७० पासून अन्यधर्मीयावर ती सक्ती राहिली नाही. मुले मोठी व स्वतंत्र झाली असतील तर आईने त्यांच्यावर जबरदस्ती करावी असा अर्थ नाही. ‘शक्य ते’ या शब्दांत बराच शहाणपणा भरलेला आहे. ज्यांचा विवाह अजून व्हावयाचा आहे त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. सबळ कारण असेल तर विहित पद्धतीतूनही बिशप आगाऊ सूट देऊ शकतात. १९८७ साली हे कोणी वहिनींस सांगितले असते तर कदाचित सरकारी कचेरीतील तेच लग्न चर्चनेही त्याच दिवशी मान्य केले असते.

जेथे दोघांपैकी एकाचा आधी विवाह झालेला असून तो जोडीदार हयात आहे, तेथे मार्ग बिकट होतो. कॅथलिक मताप्रमाणे सरकारी घटस्फोटाने विवाहाचे बंधन तुटत नाही. तेव्हा पहिला विवाह मुळातच वैध होता की नाही हे चर्चच्या न्यायासनापुढे तपासले जाते. संमतीतच खोट होती असे सिद्ध झाले तर तो शून्य ठरतो व दुसऱ्या विवाहाची वाट मोकळी होते. १७४१ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी असा नियम घातला होता, की एका न्यायासनाचा निकाल पुरेसा नाही, दुसऱ्यानेही तोच निकाल दिला पाहिजे. हा नियम तब्बल पावणेतीन शतके चालला; २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी तो काढून टाकला, आणि उघड पुराव्याच्या प्रकरणांसाठी बिशपांपुढे थोडक्यात निकालाची सोयही करून दिली. याच पोपमहाशयांनी २०१६ च्या आपल्या पत्रात, घटस्फोटानंतर पुन्हा विवाह केलेले लोकही बहिष्कृत नव्हेत, असे बजावून सांगितले. मात्र चर्चच्या न्यायासनाचा निकाल म्हणजे सरकारी घटस्फोट नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली केरळच्या एका खटल्यात हे स्पष्ट केले आहे. चर्चमधून कागद मिळाला म्हणून कोणी न्यायालयात न जाता दुसरे लग्न करील तर द्विभार्यांच्या कलमात सापडेल. दोन दफ्तरे निरनिराळी आहेत, व दोन्हींत नोंद साफ असावी लागते.

मरणाच्या दारी मात्र यातील बरेचसे नियम ढिले होतात. मृत्यूचा धोका असेल तर स्थानिक बिशप, आणि त्यांस गाठण्यास वेळ नसेल तर जवळचा धर्मगुरूदेखील, पद्धतीची व बहुतेक अडथळ्यांची सूट देऊ शकतो. परंतु माझे मत असे, की जे काम चालत्या पायांनी होण्यासारखे आहे ते खाटेवर पडेपर्यंत ठेवू नये. आमच्या गावापासून मोठे इस्पितळ गाठावयाचे तर पावसाळ्यात काय हाल होतात हे आम्हांस ठाऊक आहे. पाद्री वेळेवर मिळेल हा भरवसा कोणी द्यावा?

प्रत्यक्षात करावयाचे ते असे. आपण जेथे राहतो तेथील धर्मगुरूंस भेटावे. रायगड जिल्हा मुंबईच्या आर्चबिशपांच्या हद्दीत येतो. वसई १९९८ साली मुंबईपासून स्वतंत्र धर्मप्रांत झाली, त्यामुळे वहिनींचा अर्ज मुंबईच्या कचेरीत आणि बाप्तिस्म्याचा दाखला वसईहून, अशी दोन टोके होती. सरकारी विवाहाचा दाखला लागतो. दोघांपैकी कोणी पूर्वी विवाहित नव्हते अशी साक्ष लागते. आणि बाप्तिस्म्याचा दाखला जुना चालत नाही, नव्याने काढलेला लागतो. याचे कारण मला फार आवडले. बाप्तिस्म्याच्या वहीत प्रत्येक नावापुढे समास सोडलेला असतो. त्या व्यक्तीचे दृढीकरण, तिचा विवाह, किंवा ती धर्मगुरू वा संन्यासिनी झाली तर तेही, पुढे त्याच समासात लिहिले जाते. माणूस कोठेही जावो, त्याच्या आयुष्याचा धागा त्या एका ओळीपाशी परत येतो. शाळेचा जनरल रजिस्टर वर्षानुवर्षे सांभाळलेल्या माझ्यासारख्यास त्या व्यवस्थेबद्दल आदर वाटल्यावाचून राहिला नाही.

आम्ही तिघे मिळूनच वसईस गेलो. कचेरीतील वृद्ध कारकुनाने वही काढली, पान उलटले, बोट फिरवीत ओळीवर आणले. वहिनींचे नाव, आईबापांची नावे, धर्ममातापित्यांची नावे, सारे निळ्या शाईत जसेच्या तसे. पुढे दृढीकरणाची नोंद. त्यापुढचा समास कोरा. गुरुजी चष्मा पुशीत वहीवर वाकले व त्या कोऱ्या जागेकडे बघत कारकुनास विचारते झाले, “इथं माझं नाव येईल?”

“हुकूम आला की येईल,” तो म्हणाला. “तारीख कोणती घालायची ते ते लिहून पाठवतात.”

अर्ज गेला. दोन महिन्यांनी उत्तर आले. त्या शनिवारी वहिनींनी पापनिवेदन केले, आणि रविवारी मिस्सेस गुरुजी स्वतः त्यांच्याबरोबर गेले व मागच्या बाकावर बसले. गळ्यात माळ होतीच. रांग सुरू झाली तेव्हा वहिनी उठल्या. त्यांस वाट देण्यासाठी गुरुजींनी पाय आत घेतले.